मिशिगनमध्ये हरणांसाठी पेरणी आणि नोव्हेंबरचा मोसम

अग्रणीकाठ

नमस्कार मंडळी. बागकामाच्या धाग्यावर मी सहज लिहून गेले की आम्ही हरणांसाठी वेगळा चारा पेरतो. त्यावर इतके प्रश्न आले की तिथे अवांतर वाढवण्यापेक्षा वेगळा धागा काढलेला बरा.

आमची जमीन मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पात, मोंटकाम काउंटीत आहे. हा बटाट्याचा पट्टा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बटाटा, मका, सोयाबीन. आमचे बावीस एकर, त्यात बरंचसं ओक-मेपलचं रान आणि खालच्या अंगाला दलदल. पेरण्याजोगी जमीन चार एकरांच्या आतच, त्यातला दीडेक एकर हरणांचा. हरीण म्हणजे इथलं व्हाइटटेल.

आधी शिकारीच्या मोसमाचं सांगते, कारण पेरणीचं सगळं वेळापत्रक त्यावर बसतं. धनुष्यबाणाचा मोसम १ ऑक्टोबरला उघडतो आणि १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो. १५ ते ३० नोव्हेंबर बंदुकीचा. या तारखा वार बघून सरकत नाहीत. १५ तारीख मंगळवारी आली तरी आमच्याकडच्या कितीतरी शाळा बंद असतात आणि दुरुस्तीला टाकलेला ट्रॅक्टर त्या आठवड्यात मिळेल ही आशा कोणी धरत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला ठासणीच्या बंदुकीचा मोसम येतो, आणि १ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत पुन्हा धनुष्याचा. सप्टेंबरमध्ये एक शनिवार-रविवार मुलांसाठी राखलेला असतो. माद्यांचा लवकरचा आणि उशिराचा असे आणखी मोसम आहेत, पण त्यांचे नियम वर्षागणिक बदलतात. त्या वर्षीची पुस्तिका वाचल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

नोव्हेंबरच का, तर नर तेव्हा माजावर असतात. थंडी किती पडली याच्याशी त्याचा संबंध नाही, दिवस लहान होत जातो त्यावर ते ठरतं. गाभणकाळ साधारण दोनशे दिवसांचा. म्हणजे पाडसं मेअखेर ते जूनमध्ये, सगळीकडे कोवळा पाला असताना जन्मतात. एरवी अंधार पडल्याशिवाय झाडीबाहेर पाऊल न टाकणारा नर या पंधरवड्यात भर दुपारी मादीमागे हिंडताना दिसतो.

आता पेरणी. आमची जमीन वाळूसर, पहिल्या माती परीक्षणात सामू (पीएच) ५.४ आला. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या विस्तार सेवेकडून नमुन्याची पिशवी मिळते, ती भरून पाठवायची. क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्याला सामू साडेसहाच्या आसपास लागतो. सामू वाढवायला चुना टाकतात, पण चुना मातीत मुरायला महिने घेतो, म्हणून तो पेरणीच्या आधीच्या हंगामात टाकायचा. लोक दीडशे डॉलरची बियाण्याची पिशवी आणतात, वर हरणाचं देखणं चित्र असतं, आणि चुन्याचे पैसे वाचवतात. असं बी उगवतं, पिवळं पडतं आणि जुलैत तणाखाली जातं.

एक पट्टा कायमचा: पांढरा लॅडिनो क्लोव्हर आणि चिकोरी. नीट बसला की तीन-चार वर्षं चालतो. बी मार्चमध्ये फोकायचं. त्या दिवसांत रात्री जमीन गोठते आणि दुपारी सुटते. सकाळी लवकर, गोठलेल्या जमिनीवर बी टाकलं की पुढच्या गोठण्या-सुटण्यात माती भेगाळते आणि बी आपोआप आत ओढलं जातं. ट्रॅक्टर लागत नाही, गळ्यात अडकवायचं हातयंत्र पुरतं. एकरी सहा ते आठ पौंड बी. त्याला क्लोव्हरचंच रायझोबियम (मुळांशी राहून नत्र पुरवणारा जिवाणू) लावलेलं हवं, सोयाबीनचं उरलेलं चोळून उपयोग नाही, जिवाणू वेगळा आहे.

दुसरा पट्टा हंगामी. जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाऊस बघून सलगम, चाऱ्याचा मुळा आणि रेप नावाचा पालेदार चारा, सगळं मिळून एकरी पाचेक पौंड. मोहरीच्या कुळातलं हे सगळं नत्राला हावरट. लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुमारास त्यातच मोकळ्या जागी ओट आणि राय ही धान्यं फोकते. ओट हरणं लगेच खायला लागतात, पण कडाक्याच्या थंडीत तो मरतो. राय बर्फाखाली तग धरते आणि मार्चअखेर सगळ्यांच्या आधी हिरवी होते. रानात तेव्हा खाण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि माद्या गाभण असतात. माझ्या मते एकच पीक पेरायचं असेल तर राय पेरावी. मात्र ती धान्याची राय. रायग्रास नावाचं गवत स्वस्त मिळतं म्हणून आणू नका, ते एकदा शेतात शिरलं की निघत नाही.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

वणीकर_ऑस्टिन

ताई, सुंदर लिहिलंय. सामू आणि रायझोबियम वाचून आमचं यवतमाळचं शेत डोळ्यांपुढे आलं. तिकडे माझे काका आजही रात्री मचाणावर बसून रोही (नीलगाय) हाकलतात. तुरीत आणि हरभऱ्यात कळप शिरला की एका रात्रीत वर्षाचं गणित बिघडतं.

टेक्सासमध्ये चित्र अगदी वेगळं. बंदुकीचा मुख्य मोसम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि उत्तर भागात जानेवारीच्या पहिल्या रविवारपर्यंत, दक्षिणेत तिसऱ्या रविवारपर्यंत चालतो. इथे कोणी सलगम पेरताना मी तरी पाहिलं नाही. तीन पायांवर पिंप, त्याखाली वेळ लावलेलं फिरतं चाक, ठरल्या वेळी मका उधळला जातो. खासगी जमिनीवर ते कायदेशीर आहे. तुमच्याकडे असं चालतं का?

अग्रणीकाठ

वणीकर, नाही चालत. खालच्या द्वीपकल्पात २०१९ पासून मका, बीट, गाजर, सफरचंद असं काहीही टाकून हरणं जमवायला बंदी आहे. पेरलेलं, जमिनीत उभं असलेलं पीक मात्र चालतं. कारण रोग. मक्याच्या ढिगावर पाच-सहा हरणं तोंडाला तोंड लावून खातात, एकाची लाळ दुसऱ्याच्या पोटात जाते. एकरभर क्लोव्हरमध्ये ती पांगून चरतात. धोका शून्य होत नाही, पण ढिगासारखा राहत नाही. राज्याच्या ईशान्य भागात, अल्पिना वगैरे काउंट्यांमध्ये, गुरांचा क्षयरोग रानातल्या हरणांत १९९०च्या दशकापासून टिकून आहे, आणि आसपासच्या गुरांच्या गोठ्यांना त्याचा फार त्रास झाला.

शिवाय भर हिवाळ्यात मका टाकणं हे हरणाला मारकच. ते रवंथ करणारं जनावर. डिसेंबर-जानेवारीत त्याच्या पोटातले जिवाणू काड्या-कळ्या पचवायला तयार झालेले असतात. अचानक भरपूर मका गेला की पोटात आम्ल वाढतं. भरल्या पोटी मेलेली हरणं सापडतात ती अशी. ज्यांच्या घरी गाई-म्हशी आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मुक्काम_मॅडिसन

अगदी बरोबर. विस्कॉन्सिनची भर घालतो. आमचा बंदुकीचा मोसम फक्त नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू. धनुष्याचा सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत.

मला सीडब्ल्यूडीबद्दल (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) लिहायचं आहे, कारण नवीन लोक हे हलक्यात घेतात. हा हरणांच्या मेंदूचा रोग. जंतू नाही, विषाणू नाही, बिघडलेलं प्रथिन. १९६७ मध्ये कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत तो पहिल्यांदा दिसला. आमच्याकडे २००२ मध्ये माउंट होरेबजवळ सापडला, म्हणजे मॅडिसनपासून अर्ध्या तासावर. मिशिगनच्या मोकळ्या रानात २०१५ मध्ये. लागण झालेलं हरीण वर्ष-दीड वर्ष धडधाकट दिसतं, धावतं, चरतं. वाळायला लागतं तेव्हा शेवट जवळ आलेला असतो, आणि तोवर त्याची लाळ आणि मूत्र मातीत मिसळत राहिलेलं असतं. ते प्रथिन मातीत वर्षानुवर्षं टिकतं. शिजवून नाश पावत नाही.

माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरीही बाधित जनावराचं मांस खाऊ नका असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. आम्ही प्रत्येक हरणाचं डोकं तपासणीला देतो. मानेतल्या लसिकाग्रंथी काढून घेतात. निकाल येईपर्यंत मांस वेगळ्या पिशव्यांत, तारीख घालून फ्रीझरमध्ये. मेंदू, पाठीचा कणा, डोळे, प्लीहा यांना हात लावायचा तर हातमोजे घालून, आणि करवतीने कणा कापायचा नाही, मांस हाडावरून सोडवायचं.

स्वरदा

मी पुण्यातून वाचते आहे. माहिती चांगली आहे, मेहनतही दिसते. पण मला हे पचत नाही. आधी त्यांच्यासाठी पेरायचं, वर्षभर चारायचं, विश्वास बसवायचा, आणि मग त्याच शेतात मारायचं. उपाशी प्राण्याला मारणं मी एक वेळ समजू शकते, पीक वाचवायला मारणंही. हे मात्र फसवणूक वाटते. मी भांडायला आलेले नाही, तुम्ही स्वतःशी याचा मेळ कसा घालता ते खरंच जाणून घ्यायचं आहे.

तेरेखोल

स्वरदाताईंचा प्रश्न रास्त आहे. आमच्या सिंधुदुर्गात शेती संरक्षणाची बंदूक घरोघर असायची, ठासणीचीच. आजोबा सांगायचे, बार काढायचा तो हवेत, डुक्कर पळालं की काम झालं. आता गवे, माकडं, डुकरं, सगळ्यांनी शेती करणं अवघड केलंय. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं, नाहीतर आज काळवीट बघायला मिळालं नसतं. पण नुकसान सोसणारा शेतकरी एकटा पडतो हेही खरं. अमेरिकेत शेजारचा बटाटेवाला काय म्हणतो? तुम्ही हरणं जमवता म्हणून त्याच्याशी भांडण नाही होत?

अग्रणीकाठ

स्वरदा, प्रश्न मनापासून आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

आमच्या शेतात मी तारेच्या जाळीचे गोल पिंजरे ठोकलेत, हात पसरले की मावतील एवढेच. आत तेच क्लोव्हर, तीच माती, फक्त हरणाचं तोंड पोचत नाही. जूनमध्ये पिंजऱ्यातलं क्लोव्हर गुडघ्याला लागतं आणि बाहेरचं दोन बोटं. तेच रानातही दिसतं. ओकची रोपं दरवर्षी उगवतात, आणि टोकं खाल्ली जाऊन विटेएवढ्या उंचीवर थांबतात. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते फांदी कापत नाही, ओढून तोडतं. टोकाला चिंध्या झालेल्या दिसतात. सशाने खाल्लेली काडी तिरकी, सुरीने कापल्यागत स्वच्छ. आमच्या रानात चिंध्याच चिंध्या आहेत. वसंतात इथे ट्रिलियम नावाचं तीन पाकळ्यांचं पांढरं फूल येतं, जिथे हरणं फार तिथे ते दिसेनासं होतं. जुने ओक पडतील तेव्हा त्यांच्या जागी उभं राहायला झाड नसेल.

हे असं झालं, कारण हरणाला मारणारं इथे कोणी उरलं नाही. लांडग्यांचे कळप वरच्या द्वीपकल्पात आहेत, आमच्याकडे नाहीत. कोयोटी हा लांडग्याहून लहान प्राणी पाडसं उचलतो, मोठ्या मादीच्या वाटेला फारसा जात नाही. मग मरण येतं ते गाडीखाली. मिशिगनमध्ये हरीण आणि गाडीच्या टकरी वर्षाला पन्नास हजारांच्या वर होतात. नाहीतर फेब्रुवारीत उपासमारीने. रस्त्याकडेला मागचे पाय मोडलेलं हरीण मी पाहिलं आहे, पोलीस येईपर्यंत ते उठायचा प्रयत्न करत होतं. चांगल्या अंतरावरून, फुफ्फुसात नीट लागलेली गोळी याहून दयेची आहे असं मला वाटतं. तुम्हाला तसं वाटलं नाही तरी मी समजू शकते.

आणि विश्वासाचं म्हणाल तर, पेरलेलं वर्षातले पन्नास आठवडे फक्त त्यांचं असतं. आम्ही वर्षाला जी दोन-तीन घेतो त्यात बहुतेक माद्या असतात, कारण कळपाची संख्या माद्यांवर ठरते. मोठ्या शिंगांचा एक नर मारून फोटो काढला, तर रानाचा भार रतीभरही हलका होत नाही. माझं इथल्या शेजाऱ्यांशी वाजतं ते याच मुद्द्यावर. सलगम पेरायचं, त्यावर कळप पोसायचा आणि माद्या सोडून द्यायच्या, हे मला बेजबाबदारपणाचं वाटतं. जो हरणांसाठी पेरतो त्याने माद्या मारायची तयारी ठेवलीच पाहिजे, नाहीतर पेरू नये.

तेरेखोल, बटाटेवाल्याशी भांडण नाही, पण त्याच्या सोयाबीनला तोंड लागतं हे खरं. पीक फार खाल्लं गेलं तर राज्याकडून मोसमाबाहेरही हरणं मारायचा परवाना शेतकऱ्याला मिळू शकतो. आमच्या मोसमात त्याची मुलं आमच्या रानात बसतात आणि आम्ही त्याच्या बांधावर. तेवढ्यावर आमचं जमतं.

स्वरदा

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. मी स्वतः कधी करणार नाही, पण माद्यांचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पिंजऱ्याचा फोटो टाकाल का?

नवा_भिडू

ताई, मी ट्रॉयमध्ये असतो, एच-वन-बी व्हिसावर. ऑफिसातले लोक दर नोव्हेंबरला बोलावतात. आपल्याला बंदूक हातात घेता येते का? कोणी नीट सांगत नाही. आणि जमीन नसेल तर जायचं कुठे?

अग्रणीकाठ

@स्वरदा, जूनमध्ये नक्की. आत्ता सगळं बर्फाखाली आहे.

नवा_भिडू, हे काळजीपूर्वक वाचा. ग्रीन कार्डवाल्यांना प्रश्न नाही. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. स्वतःची नको, मित्राची हातात धरली तरी तेच. त्याला एक अपवाद: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना तुमच्याकडे असेल तर चालतं. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात, सरावासाठीसुद्धा. व्हिसा पणाला लागतो, म्हणून एकदा वकिलाला विचाराच. धनुष्य आणि क्रॉसबो या कायद्यात बंदूक धरले जात नाहीत, त्यामुळे बरेच आपले लोक तिथून सुरुवात करतात. त्यालाही शिकार परवाना लागतोच.

१९६० च्या १ जानेवारीनंतर जन्मलेल्यांना मिशिगनमध्ये सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. पहिली दोन वर्षं अनुभवी माणसाबरोबर उमेदवारीच्या परवान्यावरही जाता येतं, पण अभ्यासक्रम कराच. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढीच वेळ. बंदुकीच्या मोसमात अंगावर सर्वांत वर नारिंगी. राहत्या घरापासून ४५० फुटांच्या आत परवानगीशिवाय बंदूक चालवायची नाही. आणि हरीण मिळालं की ७२ तासांत ऑनलाइन नोंद, ती २०२२ पासून सक्तीची आहे.

जमीन नसली तरी अडत नाही. राज्याची वनं आणि शिकारीसाठी राखलेल्या जमिनी भरपूर आहेत. शिवाय राज्य काही खासगी शेतकऱ्यांना पैसे देऊन त्यांची जमीन शिकाऱ्यांना खुली करतं, त्याची यादी नकाशासकट मिळते.

वणीकर_ऑस्टिन

मांसाचं कोणी लिहिलंच नाही. आमच्याकडे पहिल्यांदा मटणासारखं केलं तर रबर झालं होतं आणि तोंडाला मेणचट थर बसला.

मुक्काम_मॅडिसन

तो थर चरबीचा. हरणाची चरबी जरा थंड झाली की गोठते, म्हणून शिजवण्याआधी पांढरं दिसेल तेवढं सगळं सुरीने काढायचं, पातळ पापुद्र्यासकट. मांसात आतून चरबी जवळजवळ नसते. पाठीच्या दोन लांब पट्ट्या तव्यावर मोठ्या आचेवर, मिनिटांत उतरवायच्या, आत गुलाबी असतानाच. मान आणि पुढचा पाय कुकरला, मटणापेक्षा दोन शिट्ट्या जास्त, आणि फोडणीला तेल सढळ हाताने. आमच्याकडे मानेचं सुकं कांदा-खोबऱ्याच्या वाटणात होतं, पोरं दुसरं काही मागत नाहीत.

अजून एक. शिशाची गोळी हाडाला लागून फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात. घरात लहान मुलं असतील तर तांब्याच्या गोळ्या घ्या. महाग आहेत, पण वर्षाला लागतात किती!

अग्रणीकाठ

तांब्याला पूर्ण अनुमोदन. आम्हीही तेच वापरतो, कारण एखादं हरीण आम्ही मिशिगन स्पोर्ट्समेन अगेन्स्ट हंगर या संस्थेमार्फत अन्नछत्राला देतो. खाटीक सोलून, दळून पाकिटं करतो आणि ती गरजूंपर्यंत जातात. अनोळखी घरातल्या पोराच्या ताटात शिसं जायला नको.

नवा_भिडू, मार्चमध्ये क्लोव्हर फोकायचं आहे. सकाळी सातला जमीन टणक असते, दहाच्या आत काम उरकावं लागतं. यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बूट जाड आणा, दुपारपर्यंत सगळा चिखल होतो.

नवा_भिडू

नक्की येतो, ताई. व्यनि केला आहे.